माझी साक्ष, त्यांचं भाषांतर

माईक माझ्या हातात होता. हॉल हसत होता.

येडशीजवळ एका शाळेत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचं तीन दिवसांचं शिबिर होतं. मी तेव्हा धाराशिवला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. मराठी, कन्नड, तेलुगू, मल्याळी, सगळीकडची पोरं-पोरी जमलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी साक्षी होत्या. साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं, ते उभं राहून सांगायचं. पुण्याहून आलेल्या दीदी प्रत्येक साक्षीचं भाषांतर करत होत्या. शिबिर भरवणाऱ्या संघटनेत त्यांचा शब्द शेवटचा.

मी सुरू केलं, "म्या तेरखेड्याची. माजी आय फटाक्याच्या कारखान्यात कामाला व्हती."

दीदी हसून म्हणाल्या, "थांब गं. आधी हिच्या मराठीचं मराठी करू या."

त्यावर हॉल हसला. मीही हसले. दुसऱ्यांचं हसणं मी कधीच विसरले. माझं मात्र अजून टोचतं.

मग मी सांगितलं. मी नऊ वर्षांची असताना कारखान्यात फटाक्यांच्या दारूनं पेट घेतला. आईचे दोन्ही हात भाजले. आबानं, माझ्या बापानं, तिला पाठीवर घेऊन रस्ता गाठला. दवाखान्यात एक ख्रिस्ती नर्सबाई होती. तिनं आईला रोज आपल्या हातानं भरवलं. तू कुणाची, कुठल्या वस्तीची, एकदाही विचारलं नाही. गावात आमच्या हातचं पाणी न घेणारी माणसं आम्ही पाहिलेली. आई घरी आली ती त्या बाईची प्रार्थना शिकून. एवढीच माझी साक्ष.

दीदींनी माईक घेतला आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "हिचे वडील व्यसनी होते. घरात मारहाण, अस्वच्छता, अंधश्रद्धा. त्या घाणीतून प्रभूनं हिला उचललं." मग तेच इंग्रजीत. पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी डोळे पुसायला लागल्या. कुणीतरी "आमेन" म्हणालं.

माझा आबा मागं बसला होता. दाराजवळ, चपलांच्या बाजूला. माझ्यासाठी भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन आलेला. पोरगी बोलणार म्हणून थांबलेला. प्रार्थनेसाठी काढलेली टोपी त्याच्या गुडघ्यावर होती. इंग्रजी त्याला कळलं नसेल. मराठी कळलं. त्यानं मान खाली घातली.

माझ्या बापानं कधी थेंबाला हात लावला नाही. आणि मारहाण? आईचे हात बरे होईपर्यंत सहा महिने तिची वेणी तो घालत होता. वाकडी यायची. ती तशीच घेऊन आई दारात बसायची.

मी माईक ओढून घेतला. "दीदी, म्या असं म्हनले न्हाय. माजा बाप दारू पीत न्हाय. त्यो तितं बसलाय. त्येलाच इचारा."

कुणी विचारलं नाही. कुणीतरी घाईघाईनं गिटार वाजवायला घेतली आणि सगळे गायला उभे राहिले.

गाणं संपल्यावर दीदींनी मला स्वयंपाकघराच्या मागं बोलावलं. आवाज मऊच होता. "अगं, साक्षीचा परिणाम व्हायला हवा. लोकांना आधी अंधार दिसला पाहिजे, तरच उजेड कळतो. उद्या सकाळी सगळ्यांसमोर माफी माग."

"न्हाय मागनार."

"हा गर्व आहे."

"आसंल."

पिशवी उचलली आणि आबाबरोबर निघाले. फाट्यावर एसटीची वाट बघत त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग म्हणाला, "म्या पीत न्हाय, ह्ये तुला म्हाईत हाय. मग झालं की."

"न्हाय आबा. झालं न्हाय."

"शिकलेली मानसं हायती ती."

गावात आम्हाला किरिस्ताव म्हणून बाजूला बसवलं. इथं ख्रिस्ती माणसांतही आमची जागा चपलांजवळच. त्या दिवशी मला देवाचा राग आला नाही. त्याच्या नावानं माझं तोंड आपल्या ताब्यात घेणाऱ्यांचा आला.

कॉलेजात परतले तर फेलोशिपच्या, म्हणजे त्याच संघटनेच्या प्रार्थनागटाच्या, ग्रुपमधून माझं नाव काढलेलं. रविवारी मी हॉस्टेलच्या मागच्या जिन्यावर एकटीच बायबल घेऊन बसले. थोड्या वेळानं नीलम्मा आली. ती उमरग्याकडची, घरात कन्नड बोलणारी. म्हणाली, "माज्या साक्षीत पन दीदींनी माजी आई मारून टाकली व्हती गं. जिती हाय ती." मग तिनं कन्नडमध्ये प्रार्थना केली. मला एक शब्द कळला नाही. मी डोळे मिटून बसले आणि तिला पुरतं बोलू दिलं.

तिथून सुरू झालं. मल्याळी पोरी आल्या, तेलुगू आल्या. नियम एकच. जी बोलेल ती आपल्या भाषेत. कळलं नाही तर तिलाच विचारायचं, दुसरीनं तिच्या वतीनं सांगायचं नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात एक जिना भरला, मग तुळजापूरला, मग उमरग्याला. वाढवलं असं मी म्हणणार नाही. पोरी आपापल्या गेल्या आणि बसल्या.

मी फार चांगली आहे असंही नाही. नोकरीला लागल्यावर एका रविवारी तांड्यावरची एक पोरगी तिच्या बंजारा बोलीत, गोरमाटीत, बोलायला लागली. बारा तासांची ड्यूटी करून आले होते. माझ्या तोंडून निघालं, "नीट मराठीत बोल की." ती खाली बसली. पुढचे दोन रविवार आली नाही. मी तिच्या तांड्यावर गेले आणि तिच्या आईसमोर म्हणाले, "माजं चुकलं." माफी कुणाची मागायची असते, ते त्या दिवशी कळलं. पोरगी आली, पण बरेच दिवस माझ्याकडं बघत नव्हती. बरोबर होतं तिचं.

गेल्या महिन्यात दीदींचा फोन आला. आता त्या मोठ्या पदावर आहेत. "तुमचे गट आमच्यात घ्यायचेत. हॉल मिळेल, पुस्तकं मिळतील. फक्त सभा एकाच भाषेत ठेवू, म्हणजे एकी राहील. आणि साक्षी आधी आमच्याकडं तपासायला पाठवा."

मी म्हणाले, "दीदी, त्या दिवशी माझ्या बापाबद्दल जे बोललात, त्याचं काय?"

त्यांना आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. आवाजावरून कळलं.

मी नाही म्हणाले. पोरींना सगळं सांगितलं, कुणाला अडवलं नाही. निम्म्याहून जास्त दीदींच्या सभांना गेल्या. हॉलला पंखे आहेत, जिन्यावर ऊन. नीलम्मा पण म्हणाली, "आता दमलो गं आपन. जाऊ दे की." दमले आहे मी. पाय सुजतात, रविवार एकच मिळतो, आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा कंटाळा येतो.

परवा तिघीच होत्या. एक नवी, देगलूरकडची, तेलुगू बोलणारी. तिनं उभं राहून विचारलं, "कुठल्या भाषेत सांगू?"

"तुज्या."

पुढच्या रविवारी कुणी आलं नाही तरी मी बसणार आहे. तिथं जी येईल, तिच्या तोंडचा शब्द मी कुणाला बदलू देणार नाही. मलाही नाही.