सशांच्या फार्मवरचं पाणी

धुळे स्टेशनात चाळीसगावची गाडी सुटायला आली, तरी आबा माझ्या नवऱ्याला मेंढ्यांबद्दलच विचारत होते. जावई कुमाऊंच्या पहाडात लोकरीच्या फार्मवर नोकरीला, एवढंच माझ्या वडलांना ठाऊक; आणि लोकर म्हटली की आमच्याकडे मेंढी. आईचं एकच चाललं होतं, "तठे थंडी शे, डोकं झाकीसन ऱ्हाय." स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती, आणि मी चाळीसगावच्या पुढे कधी गेले नव्हते.

पोचले तर मेंढी औषधालाही नव्हती. सगळे ससे. लाकडी पिंजऱ्यांच्या दोन रांगा. एका रांगेत लांब केसांचे अंगोरा. त्यांचे केस कातरून घ्यायचे, ते पुन्हा वाढायचे. दुसऱ्या रांगेतले आखूड, मखमली केसांचे. त्यांची कातडीच कोटांसाठी जायची. मी दोन्ही रांगांना सारख्याच मायेनं पाला घालायची. ते कसं जमत होतं, मला आजही कळत नाही.

पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा आबांसाठी अंगोराची कानटोपी विणून आणली. आबा माळकरी. टोपी नाकाशी नेली, तर मेंढीचा वास येईना. मग मी सशांचं सांगितलं, त्यांचे केस कातरतात, एवढंच मी म्हटलं. त्यांना बरं वाटलं, पण माणूस खोदून विचारणारा; सगळे जिवंत राहतात ना, हे त्यांना हवं होतं.

"बठ्ठा जित्ता शेतस ना?"

"बठ्ठा नही, आबा."

त्यांनी टोपी देवळीत ठेवून दिली. रागावले नाहीत, तेच मला झोंबलं.

पुढच्या हिवाळ्यात आबा आमच्याकडे आले, ते फिरकीच्या झाकणाचा तांब्या आणि दशम्या घेऊन. आमच्या घरचं पाणीसुद्धा तोंडाला लावलं नाही. आता, लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्याकडे खायचं-प्यायचं नाही, ही आमच्यातली रीतच. तिथेच माझी पंचाईत झाली. ते रीत पाळताहेत, की सशांपायी माझं घर त्यांना चालेनासं झालंय? विचारायची छाती होईना, आणि न विचारता झोप लागेना. तुमच्यातले जे गाव सोडून लांब गेले, त्यांना हा घोळ कळेल. मागे राहिलेल्यांनी मला हसू नये.

बाळंतपण माहेरी झालं. मुलगा झाला, आणि आम्हाला पोचवायला आबाच आले. रीत संपली होती. आता काय ते कळणारच होतं. आल्या आल्या ते ससे बघायला गेले. एक गाभण मादी आपल्याच छातीचे केस उपटून होणाऱ्या पिलांसाठी अंथरत होती. ही कोणत्या रांगेतली, त्यांनी विचारलं. कातडीच्या, मी म्हणाले. तिचं अंथरून होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

घरात येऊन पाळण्याशी बसले.

"हाई नातूनं घर शे. दे पानी."

मी दिलं. ते घटाघट प्यायले आणि मला रडूच फुटलं. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. ते परत गेल्यावर मात्र मी विचारात पडले, ती आजवर. पहाडातलं घर नातवाचं ठरलं. गावचं तर भावाचं आहेच. मग लेकीचं कोणतं, हे आबांना विचारायचं राहूनच गेलं.