फिलोमिनाबाईंच्या वर्गातला साहेब

घरात हे कुणालाच ठाऊक नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, मुलींनाही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षंच झाली होती. बोरिवलीच्या एका शाळेत आम्ही दोघी इतिहास शिकवायचो. फिलोमिनाबाई गोराईची, ख्रिस्ती कोळ्याची मुलगी. रोज होडीनं खाडी ओलांडून यायची. माझ्याइतकीच शिकलेली — पण हे मी तेव्हा मानायचे नाही. आमच्या वर्गांच्या मध्ये नुसतं लाकडी पार्टिशन.

मी साम्राज्यवादाची कारणं उतरवून द्यायचे. कच्चा माल, बाजारपेठ, आरमार. आणि पलीकडून हशा! मुलं माझ्यासमोर, कान मात्र तिकडे. अशा हशावर कधी जळलायत तुम्ही?

एकदा तिनं वर्गात खटलाच उभा केला. एक मुलगी साहेब झाली. म्हणाली, "आम्ही रेल्वे आणली, कायदा आणला. तुम्ही आपसात भांडत होता. तुमच्याच भल्यासाठी आलो!" मग बाकीच्यांनी साहेबाला धारेवर धरलं. "भलं करायला आलात, तर तोफा कशाला आणल्यात?" पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. किती सुरेख शिकवलं होतं — मला का नाही सुचलं?

त्याच आठवड्यात संस्थेचे अध्यक्ष आले. बेचाळीसला तुरुंगात जाऊन आलेले गृहस्थ. सहज म्हणाले, "कसे चाललेत वर्ग?" आणि मी — मी म्हटलं, "पलीकडे इंग्रजांचे उपकार शिकवतात. रेल्वे आणली, कायदा आणला..." तिथं तरी थांबायचं. नाही थांबले. "त्यांच्यातल्यांना साहेबाचं प्रेम असायचंच."

तिला ऑफिसात बोलावलं. मलाही. ती घाबरलेली नव्हती. मला पाहून तर हसलीच. "सुमनताई पलीकडेच होत्या. ताई, पुढे मुलांनी काय विचारलं, ते सांगा ना यांना."

"मला नीट ऐकू आलं नाही," मी म्हटलं.

शब्द न् शब्द ऐकला होता मी. तोफांचा प्रश्न तर पाठ झाला होता.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पुढे बोलायचंच सोडून दिलं. त्याच दिवशी तिला काढून टाकलं.

तिचा वर्ग माझ्याकडे आला. मला हवा होता ना? पहिल्याच तासाला साहेब झालेली मुलगी उभी राहिली. डोळे सुजलेले. "बाई, मी तसं बोलले म्हणून गेल्या का त्या?"

नाही — एवढंच म्हणायचं होतं. वर्ग माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "खाली बस. वह्या काढा." आणि साम्राज्यवादाची कारणं पहिल्यापासून उतरवून द्यायला लागले.