उजवीकडे वळलेली चाकं

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की पहिल्यांदा राग येतो तो माझा मलाच. रिसॉर्टच्या मालकाचा नंतर येतो, वरिष्ठांचा त्याच्याही नंतर. निवृत्त अधिकारी आठवणी लिहायला बसले की त्यांच्या हातून कधीच काही चुकलेलं नसतं. माझ्या हातून चुकलं होतं, आणि ती चूक माझ्याच अक्षरात स्टेशन डायरीत आहे. कुणाला बघायची असेल त्याने खुशाल बघावी.

नोकरीची शेवटची दोन वर्षं राहिली होती. सातारा जिल्ह्यातल्या एका घाटाच्या पायथ्याला आमचं ठाणं होतं आणि मी तिथला प्रभारी होतो. शिपाई म्हणून भरती होऊन सहायक निरीक्षकापर्यंत रखडत आलेला माणूस मी, मूळ गाव सांगलीकडचं, उसातलं. ठाणं म्हणजे चार खोल्या आणि आवारात जप्त केलेले वाळूचे ट्रॅक्टर. घाट असल्यामुळे अपघात पाचवीला पुजलेले. ड्रायव्हर पळाला, ड्रायव्हर प्यायलेला होता, ही वाक्यं मी इतक्या वेळा लिहिली होती की हात आपोआप चालायचा.

एके दिवशी सकाळी साडेअकराला फोन वाजला. ठाणे अंमलदाराने तो माझ्याकडे दिला. बोलत होता घाटमाथ्यावरच्या नव्या रिसॉर्टचा मालक, तालुक्यातला वजनदार माणूस.

"साहेब, आमच्या कॅरॅव्हॅनचा अपघात झालाय. ड्रायव्हर प्यायलेला होता. एका दूधवाल्याला चिरडून पळालाय."

कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, न्हाणी, सगळं. तिला स्वतःचं इंजिन नसतं, दुसऱ्या गाडीच्या मागे जोडून ओढून न्यावी लागते. ही चांगली पंचवीस फुटी होती. मलकापूरच्या एका शेडमध्ये सजवून, पिकअपमागे जोडून ती घाट चढत होती. वर उद्घाटनाचा मंडप पडला होता आणि पाहुणे खोळंबले होते.

मी जीप काढायच्या आधीच डायरीत नोंद केली: चालक फरार. घटनास्थळ पाहिलं नव्हतं, चालक कोण हे माहीत नव्हतं, पण नोंद मात्र झाली.

सहाव्या वळणावर रस्ता उजवीकडे एकदम उलटा फिरतो. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला दरी. ती पांढरी कॅरॅव्हॅन रस्त्यात आडवी होऊन शेपटाकडून दरीच्या कठड्यावर जाऊन बसली होती. मध्ये मोटारसायकल चेपली होती आणि दुधाच्या किटल्या दूरवर गेल्या होत्या. मी पंचनामा सांगत गेलो, हवालदार लिहीत गेला. रस्त्याची रुंदी. कठड्याची पडझड. डोंगराकडच्या गटारात टाकलेले दोन मोठे दगड, त्यांना टायरचा काळा डाग. रस्त्यावर पडलेलं लाल फडकं. पिकअपची पुढची चाकं पूर्ण उजवीकडे वळलेली. पंचांनी सह्या केल्या. सगळं नियमाप्रमाणे. त्यातल्या एकाही गोष्टीचा अर्थ मी स्वतःला विचारला नाही.

फरार चालक तासाभरात सापडला. ग्रामीण रुग्णालयात, ड्रेसिंगच्या खोलीबाहेर, रक्ताने भरलेल्या सदऱ्यात उभा होता. भाजीचा टेम्पो अडवून दूधवाल्याला त्यानेच आणलं होतं. हे मला तिथल्या नर्सने सांगितलं, पण तोवर मी त्याची कॉलर धरली होती.

"सायेब, कॉलर सोडा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "पळायचं आसतं तर दवाखान्यात आलो आसतो व्हय?"

उत्तर नसलं की पोलीस आवाज चढवतो. मीही चढवला आणि त्याला जीपमध्ये घातलं.

पलूस भागातला हा माणूस, पन्नाशीचा. फौजेतून निवृत्त, म्हणून सगळे त्याला फौजीच म्हणत. डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं की दारूचा वासही नाही. तरी माझा संशय जागचा हलला नाही. दारू नाही तर हयगय, एवढाच बदल मी मनात केला. दुपारी चौकशी सुरू केली.

"बोल, शेपूट दरीकडे कसं घातलंस?"

"मी घातलंच न्हाई. ईस वर्सं तोफखान्यात तोफ वडली, डोंगरात, बर्फात. त्याच्यानंतर धा हंगाम ट्रॅक्टरवर ऊस वडला. ह्ये वळान येका दमात बसत न्हाई सायेब, गाडी मागं-पुढं करावी लागती. म्हनून उभी केली. कॅरॅव्हॅनच्या चाकामागं दोन दगड लावलं आन् लाल फडकं घेऊन खालची वाहनं थांबवाय चालत गेलो."

"मग गाडी कुणी हलवली?"

"आत मालकाचं पोरगं बसलं हुतं. मालक फुडच्या मोटारीत. पर मी खालच्या अंगाला हुतो, मदी कॅरॅव्हॅन, ष्टेरिंगवर कोन त्ये दिसलं न्हाई. जे बघितलं न्हाई, त्ये मी सांगनार न्हाई."

इथे मी थबकायला हवं होतं. स्वतःची कातडी वाचवणारा आरोपी दुसऱ्याचं नाव घ्यायची संधी सोडत नाही. हा सोडत होता. मी मात्र विचारलं, "किल्ली कुठं होती?"

पहिल्यांदाच त्याची मान खाली गेली.

"गाडीलाच. पोरगं म्हनलं, एसी चालू ऱ्हाऊ द्या. फौजेत शिकवलंय, उतरलं की किल्ली खिशात. ती चूक माजी. ती लिवा. दुसऱ्याची माज्या नावावर लिवायची न्हाई."

संध्याकाळी मालक ठाण्यात आला. चोवीस-पंचवीसचा मुलगा बरोबर होता, पण तो बाहेर मोटारीतच बसून राहिला. मालकाने समजुतीचा सूर लावला. "फौजी, 'नजर चुकली' एवढं म्हणा. वकील माझा. रिसॉर्टवर कायमची नोकरी देतो. पोराचं सगळं आयुष्य पडलंय हो."

पोराचं आयुष्य मध्येच कुठून आलं? गुन्हा तर ड्रायव्हरवर होता. हे वाक्य माझ्या कानात अडकलं. पण खरा दणका दिला तो फौजीने.

"न्हाई मालक," तो गजांआडून म्हणाला. "तुमची नोकरी ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ. दूधवाला तिकडं शुद्धीवर न्हाई. त्यो गेला तर जलमभर माज्या नावावर. आन् आमच्या कारखान्याच्या यार्डात पोरं काय म्हनत्याल? फौजीला ट्रॉली मागं घेता येत न्हाई! तसलं मी आयकून घेनार न्हाई. जेलात घाला."

मालक गेला. मी खुर्चीत बसून राहिलो. ट्रॉली मागं घेता येत नाही! मला स्वतःलाच येत नव्हती. सतराव्या वर्षी चुलत्याच्या ट्रॅक्टरवर बसून उसाची ट्रॉली मागे घ्यायला गेलो आणि सरळ पाटात घातली होती. चुलता कपाळावर हात मारून म्हणाला होता, "आरं गड्या, ट्रॉलीचं उलटं आस्तंय. शेपूट उजवीकडं न्याचं आसंल तर हात डावीकडं फिरवाय लागतुय. मोटारीवानी फिरवशील तर दर बारीला पाटात जाशील."

मी पंचनामा काढला. पिकअपची पुढची चाकं पूर्ण उजवीकडे वळलेली. शेपूट गेलं होतं डावीकडे, दरीकडे. म्हणजे गाडी मागे घेणाऱ्याला शेपूट उजवीकडे, डोंगराकडे न्यायचं होतं, आणि त्याने मोटार मागे घेतात तसं स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं होतं. तीस वर्षं तोफा आणि ऊस ओढलेला हात असं करेल? झोपेतसुद्धा करणार नाही. सकाळपासून खरी गोष्ट माझ्याच कागदावर होती, खाली माझीच सही होती, आणि मी त्याच माणसाची कॉलर धरून फिरत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाच्या मुलाला जबाबासाठी बोलावलं. वडील आले, चहा घेत माझ्या खोलीत बसले. मुलाला मी आवारात नेलं. तिथे वाळूची ट्रॉली जोडलेला एक जप्त ट्रॅक्टर उभा होता, इंजिन बंद. म्हटलं, "वर बस. समज, मागे घ्यायचाय. ट्रॉलीचं शेपूट त्या उजवीकडच्या भिंतीकडे न्यायचंय. स्टिअरिंग कसं फिरवशील?"

त्याने क्षणाचाही विचार न करता उजवीकडे ओढलं.

मग फौजीला बाहेर आणलं आणि तोच प्रश्न केला. तो खालीच उभा होता. त्याचे दोन्ही हात हवेतच डावीकडे फिरले, आणि तो माझ्याकडे असा बघत राहिला की या वयाच्या साहेबाला एवढंही ठाऊक नसावं! मुलाने ते हात पाहिले. त्याला कळलं. तो ट्रॅक्टरवरून खाली उतरला.

"चाकामागचे दगड कुणी काढले?" मी विचारलं.

"पप्पांनी. पाहुणे ताटकळलेत म्हणाले. ड्रायव्हरची वाट कशाला बघायची, तूच घे म्हणाले." आणि तो रडायला लागला. मला दया आली, खोटं का बोलू. पण त्याच वेळी फौजी शेजारी कोठडीतली रात्र काढून उभा होता, आणि त्याच्याबद्दल कुणालाच दया आलेली नव्हती. मलाही नाही.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात किती टिकते हे नव्या शिपायालाही माहीत असतं. त्यातून दुपारपासून फोन सुरू झाले. एका वरिष्ठांनी गोडीने सांगितलं, "अहो, ड्रायव्हरवरच ठेवा. किल्ली सोडल्याचं तो स्वतः कबूल करतोय. त्याचंही भलं होईल, नोकरी मिळतेय."

"साहेब, लेखी आदेश द्या. आजच करतो," मी म्हणालो.

पलीकडे फोन आपटल्याचा आवाज आला. लेखी आदेश आजतागायत आलेला नाही. मी मोटार वाहन निरीक्षकांकडून चाकांच्या स्थितीचा अहवाल मागवला, दगड जप्तीत घेतले, कोर्टात तपास बदलल्याचं कळवलं. फौजीला जामीन झाला. तो घरी गेला नाही, रुग्णालयाच्या ओट्यावर जाऊन बसला. दूधवाल्याच्या बायकोने त्याला दोनदा हाकललं. तो थोडा लांब सरकून बसला.

चौथ्या दिवशी दूधवाला शुद्धीवर आला. डॉक्टरांची परवानगी घेऊन मी जबाबाला गेलो. मनातून घाबरलो होतो. तो 'ह्याच ड्रायव्हरनं' म्हणाला असता तर माझी सगळी शहाणीव पाटात गेली असती.

"काय दिसलं तुम्हाला?"

"आवं, येक मानूस लाल फडकं हालवत आडवा आला. घाटात रोजच कोनतरी हात करतंय, मी न्हाई थांबलो. त्यो माज्या मागनं बोंबलत पळत आला, थांब रं, थांब रं म्हनत. तवर वरनं पांढरी भितच्या भित आली की अंगावर."

"तो माणूस ओळखाल?"

त्याने दाराकडे बघितलं. फौजी उंबऱ्याबाहेर उभा होता. "ह्योच की," दूधवाला म्हणाला.  त्याच्या बायकोने आपलं स्टूल उचललं आणि फौजीपुढे ठेवलं.

मुलगा आणि बाप, दोघांवर दोषारोपपत्र गेलं. फौजीचं नाव आरोपींतून काढलं, साक्षीदारांत घातलं. जबाब वाचून दाखवला तेव्हा त्याने विचारलं, "किल्लीचं हाय न्हवं त्यात?" आहे म्हटल्यावरच सही केली. पेन खाली ठेवून म्हणाला, "सायेब, मी पळालो म्हनून तुमी लिवलं हुतं. त्येचं काय केलं?"

हवालदार दचकला. मी दचकलो नाही, कारण रात्रभर मला तोच प्रश्न पडला होता. डायरीतली नोंद खोडता येत नाही, आणि येत असती तरी मी खोडली नसती. मी दुसरी नोंद केली: चालक फरार नव्हता, जखमीस त्यानेच रुग्णालयात नेले, आधीची नोंद मी खातरजमा न करता केली. खाली सही केली आणि त्याला वाचून दाखवली. त्याने मान डोलावली. "आता बरूबर झालं," म्हणाला.

त्या नोंदीचा वरच्यांनी व्यवस्थित उपयोग केला. खुलासा मागितला, ठाणं काढून घेतलं, नियंत्रण कक्षात बसवलं. तिथूनच मी निवृत्त झालो. हार घातले तेव्हा एका सहकाऱ्याने कानात म्हटलं, ती दुसरी नोंद केली नसतीस तर सन्मानाने ठाण्यातून गेला असतास. मी त्याला म्हणालो, सन्मान तुला कळलेलाच नाही. आजही माझं तेच म्हणणं आहे. एका ड्रायव्हरने स्वतःची खरी चूक लिहून घ्यायला लावली आणि दुसऱ्याची खोटी चूक घ्यायला जेलच्या धाकानेही नकार दिला. त्याच्यासमोर वर्दीतल्या माणसाने स्वतःची चूक झाकायची, हे मला जमलं नसतं. पस्तीस वर्षांत मला कुणी एवढं शिकवलं नाही.

गेल्या हंगामात पलूसकडे गेलो होतो. कारखान्याच्या यार्डात फौजी उसाची ट्रॉली मागे घेत होता. दोन्हीकडे गाड्या, मध्ये वीतभर जागा. त्याने एका दमात ती नेमकी बसवली. मी कुंपणाशी उभा आहे हे त्याला दिसलं आणि त्याने लांबूनच हात केला. पण लगेच उतरला नाही. आधी इंजिन बंद केलं, किल्ली काढली, सदऱ्याच्या खिशात टाकली, खिशावर हात दाबून बघितला, आणि मग मला भेटायला खाली उतरला.