मौनी शिंगराशी काय बोलायचा

टेलरबाईंच्या नवऱ्याला अख्खी गल्ली ‘मौनी’ म्हणायची, आणि ते नाव काही उगाच पडलं नव्हतं. घोडे शिकवणारा हा माणूस घरात ‘हं’ आणि ‘बरं’ यांच्यापलीकडे जात नसे. बाईंनी खिडकीला नवा निळा पडदा शिवून लावला, तरी त्याच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ. “आमच्या घरात बोलतं ते फक्त मशीन,” असं बाई गिऱ्हाइकांना हसून सांगायच्या, पण ते हसू वरवरचं असायचं. जातानाही त्याने आपला हेका सोडला नाही. एका सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बुटाची नाडी बांधायला बसला तो बसलाच. बाई दोन हातांच्या अंतरावर कणीक मळत होत्या, तरी एक हाक मारली नाही त्याने.

याचा राग बाईंच्या मनात ठासून भरला होता, आणि तो कुणापुढे काढायची सोय नव्हती. मेलेल्या माणसावर बायकोने चिडलेलं लोकांना आवडत नाही. त्यात भर म्हणजे मशीन थांबलं की उंबऱ्यावर कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं. पाणी आणायला जाताना त्या अंग चोरून, एका कडेने जायच्या.

त्याच्यामागे उरलं ते एक तपकिरी शिंगरू. घरामागच्या कुरणात त्याने ते हौसेने पाळलं होतं. माणूस दिसला की ते कुरणाच्या दुसऱ्या टोकाला पसार. असं हाती न लागणारं जनावर असलं की घोडेवाले हमखास एक आळस करतात. त्याच्या तोंडावरची दोराची म्होरकी काढतच नाहीत, म्हणजे ती रोज नव्याने चढवायची कटकट वाचते. मौनीनेही तेच केलं होतं. मात्र अधूनमधून तो जबड्याखालची गाठ सैल करायचा, कारण शिंगरू वाढतं आणि दोर वाढत नाही. आता गाठ सैल करणाराच नव्हता.

बघता बघता दोर नाकावर रुतला. तिथले केस गेले, कातडी ओली दिसू लागली. जबडा पुरता उघडेना, तेव्हा चरणं कमी झालं आणि फासळ्या वर आल्या. मौनीचा जुना दोस्त, नालबंद, चार गडी घेऊन आला. त्यांनी कोपऱ्यात कोंडल्यावर शिंगराने कुंपणावर झेप घेतली आणि छाती खरचटून घेतली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, “आधी धरा, मग मला बोलवा.” नालबंद भडकला. “धरता आलं असतं तर तुमचे पाय कशाला धरले असते?”

मग तो बाईंच्या पुढच्या खोलीत येऊन बसला.

“वहिनी, आता तुम्हीच बघा. नाहीतर उपाशी मरेल ते.”

“मी? भाऊजी, घोडा नुसता खिंकाळला तरी मी दार लावून घेते.”

“मौनीच्या कपड्यांना या घराचा वास असायचा. तो आता फक्त तुम्हाला आहे. कुरणात मधोमध बादली पालथी घालायची आणि शिंगराकडे पाठ करून बसायचं. मागे बघायचं नाही. फक्त बोलत राहायचं. ते आपणहून येतं.”

“बोलत? कोण बोलायचं?”

“मौनी! अहो, तोंडाचा पट्टा नुसता चालू असायचा. कुंपणापाशी ऐकून ऐकून माझे कान किटायचे.”

बाईंच्या हातातली सुई थांबली. “काय बोलायचे?”

“तुमचंच सगळं,” नालबंद जमिनीकडे बघत म्हणाला. “निळा पडदा किती झकास झालाय. तुम्हाला खोकला झालाय, त्याची काळजी. झोपेत तुम्ही हसता, ते.”

बाई उठल्या. नालबंदाकडून त्याची वाकड्या टोकाची सुरी मागून घेतली आणि बादली उचलून तडक कुरणात गेल्या.

बसल्या खऱ्या, पण जनावराशी काय बोलायचं ते सुचेना. सुचलं ते वेगळंच.

“अहो, एक हाक मारायला काय झालं होतं तुम्हाला? मी तिथेच होते ना! पडदा आवडला होता तर मला सांगायचं. शिंगराला काय कळतो पडदा? एवढं बोलता येत होतं, मग मलाच का उपाशी ठेवलंत?”

आवाज चढला, फुटला. मागे गवत सळसळलं. मानेवर ऊबदार श्वास आला आणि बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. खांद्यावर जड हनुवटी टेकली. हात मागे गेला आणि जबड्याखाली गाठ लागली. दुहेरी, घट्ट, त्याच्याच हाताची. सोडवत बसण्याइतका वेळ नव्हता. बाईंनी डोळे मिटले आणि गाठीवरून सुरी ओढली. शिंगराने हिसडा दिला, रुतलेला दोर बाईंच्या मुठीत राहिला आणि टापा दूर गेल्या.

“सुटलं, वहिनी, सुटलं!” कुंपणापासून नालबंद ओरडला. “चरायला लागलं बघा!”

बाई उठल्या नाहीत. त्या बोलतच होत्या, आता अगदी हळू. खोकला थांबलाय, मशीनचा पट्टा तुटलाय, तुमचे बूट मी अजून उचललेले नाहीत, असं काहीबाही. बराच वेळ झाला तसा नालबंद जवळ आला.

“वहिनी, शिंगरू कधीच गेलं. कुणाशी बोलताय?”

बाईंच्या मानेवर तो श्वास अजून येत होता.

“माहीत आहे मला,” त्या मागे न वळता म्हणाल्या. “हळू बोला, भाऊजी. हे बुजतील.”