दीनानाथरावांचा बचनाग

सिंगापुरात ईस्ट कोस्टच्या काँडोत राहणाऱ्या दीनानाथरावांचा उभा जन्म बँकेत गेला. निवृत्तीनंतर त्यांच्यातला वैद्य जागा झाला आणि ओळखीपाळखीतल्या सगळ्यांची झोप उडाली. लोक अर्ध्या हळकुंडाने पिवळे होतात, हे पाव हळकुंडातच झाले. कुणी शिंकलं की काढा, कुणी लंगडलं की लेप. शंका काढली की बायकोकडे बोट. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? सुलेखाकडे बघा. माझ्याच औषधांवर ठणठणीत आहे."

यंदा ते लेहला गेले आणि बचनागाची मुळं घेऊन आले. बचनाग म्हणजे जहर. तिबेटी वैद्य तो शुद्ध करून कणभर वापरतात, पण त्यांना त्यात पिढ्या गेलेल्या असतात. तिथल्या वैद्याने ह्यांना मुळं द्यायला हात जोडून नाही म्हटलं. मग ह्यांनी बाजार गाठला.

शुद्धीला गोमूत्र हवं, असं पुस्तकात होतं. ते सिंगापुरात कुठून आणणार? दीनानाथरावांनी सुपरमार्केटातलं लो-फॅट दूध घेतलं. शेवटी गाईचंच ना, बाबा! मुळं भिजवली, वाळवली, कुटली, मधात गोळ्या वळल्या आणि सुलेखाबाईंच्या गुडघ्यांवर प्रयोग सुरू केला.

महिन्याभरात बाई पार्कात चालायला लागल्या. मग काय विचारता! शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वुडलँड्सहून त्यांचे मित्र प्रबोध गुडघे धरून हजर झाले. त्यांचं हृदयही तोळामासा. दीनानाथरावांनी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली, प्रबोधनी पाण्याचा ग्लास उचलला.

सुलेखाबाईंना पेच पडला. बोलावं तर मित्रासमोर नवऱ्याची शोभा, गप्प बसावं तर ह्या माणसाचा जीव. त्यांनी सरळ गोळी उचलून घेतली.

"प्रबोधभाऊजी, ही घेऊ नका. माझे गुडघे फिजिओथेरपीने सुधारलेत. ह्यांचं एकही औषध मी आजवर गिळलेलं नाही. सगळी कचऱ्यात."

दीनानाथरावांचा चेहरा पडला. "एकही नाही? मग मला सांगितलं का नाहीस?"

"अहो, तुम्ही किती आनंदाने कुटत बसायचात."

प्रबोधनी ग्लास खाली ठेवला.

"वहिनी, ह्याची औषधं मीही फेकूनच देतो," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा घेणार होतो. तुम्हाला चालताना पाहिलं म्हणून."