मावशीने निवडलेला मॉनिटर

आमची टायपिंगवाली मावशी दुकानात काळा गॉगल लावून बसायची. कुरवंड्याहून रोज लोणावळ्याला येऊन शटर उघडायची, गॉगल चढवायची आणि लोकांचे अर्ज टाइप करायला घ्यायची. झेरॉक्ससाठी आत शिरलेले पर्यटक तिला बघून दबकायचे.

"कॉम्प्युटरचा पडदा लय फडफडतोय गं," ती म्हणायची. "दुपारपतूर डोकं फुटतं. दिव्याभवती रंगीत कडी दिसत्यात." काका गेल्यावर त्या दुकानानेच तिला उभं ठेवलं होतं, आणि आता ते बंद करायची पाळी आली होती. मी कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते म्हणून घरातली तज्ज्ञ मीच. खरं तर मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

मॉनिटरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "फ्लिकर-फ्री घ्या, पडदा लुकलुकत नाही, डोळ्यांना त्रास नाही."

"म्हंजी बाकीचं समदं फडफडत्यात, आन तरी तुमी इकताय?" मावशीने विचारलं. त्याने पुढचा मॉनिटर चालू केला.

मी कुठेतरी वाचलं होतं, की पडद्यासमोर पेन्सिल जोरात हलवायची. एकीच्या जागी तुटक पाच-सहा दिसल्या तर पडदा लुकलुकतो. हलवली, तर सगळ्याच मॉनिटरांसमोर पाच-सहा दिसल्या. दुकानातली ट्यूबच लुकलुकत असेल म्हणून ती बंद करायला लावली. अंधारात आम्ही तिघं पेन्सिली हलवत उभे.

"मला तर आता एक बी दिसंना," मावशी म्हणाली. आम्ही पोट धरून हसलो.

शेवटी तिने प्रत्येकावर एकेक अर्ज टाइप करून पाहिला आणि बैल निवडावा तसा एक निवडला. "ह्यो गरीब हाय."

पण डोकं दुखायचं थांबेना. मी पडद्याचा उजेड कमी करून यायची, ती पुन्हा पुरा वाढवायची आणि वर गॉगल लावायची. उजेड हवा तर गॉगल कशाला, आणि गॉगल हवा तर उजेड कशाला? मी विचारणंच सोडलं.

मग तळेगावच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला; म्हणूनच तिला अक्षर अंधुक दिसायचं आणि उजेडही खुपायचा. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. बाहेर आल्यावर मावशीने गॉगल चढवला. मग तिने मला विचारलं, "म्हंजी मॉनिटर चांगला व्हता?" मी हो म्हटलं. त्यात आनंद मानावा की काय करावं, ते मला अजून कळलेलं नाही.

दुकान आता बंद आहे. मॉनिटर तिने आग्रहाने मला दिला. मी त्याच्यासमोर दिवसभर बसते, डोळे जरासुद्धा दुखत नाहीत आणि त्याचीच मला लाज वाटते. दर रविवारी मावशीचा फोन येतो.

"डोळं दुखत्यात का गं?"

"नाही, मावशी."

"मंग माझी निवड बरोबर व्हती."