सनमायकाची टेबलं

चेअरमनसाहेबांनी टेबलावरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "हे काय आहे?"

"सनमायका, साहेब."

"ते दिसतंय. पण संग्रहालयात काय करतंय?"

"लोक त्यावर जेवतात."

उत्तर खरं होतं, पण साहेबांना पसंत पडलं नाही. त्यांच्यासोबत पुण्याहून आलेले एक सल्लागार होते. त्यांनी टेबलाचा फोटो काढला. डॉक्टर जखमेचा काढतात, तसा.

मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या संग्रहालयात क्युरेटर होतो. क्युरेटर म्हणजे जुन्या वस्तू गोळा करायच्या, त्यांना वाळवी लागू द्यायची नाही आणि प्रत्येकीखाली चार ओळींची पाटी लिहायची. त्या पाटीला आम्ही लेबल म्हणतो. गावातले लोक मला 'म्युझियमचे सर' म्हणत. पगार मिळत होता, तोवर दोन्ही नावं चालत होती.

त्या साली दुष्काळ होता. पालीचं धरण आटलेलं, बीडला नळाला पाणी आलं की घराघरात सणासारखी धावपळ. कारखान्याला गाळायला ऊस नव्हता. बॉयलर थंड, चिमणी कोरडी. संस्थापकांच्या नावाचा निधी मात्र साखरेवर अवलंबून नव्हता, म्हणून संग्रहालय उभं राहिलं. दारात संस्थापकांचा पुतळा. हात पुढे केलेला, बोट चौसाळा गावाच्या दिशेला. तिकडे काय दाखवताहेत हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आत सहकाराचा इतिहास, म्हणजे बहुतेक सत्काराचे फोटो. मागच्या बाजूला कॅन्टीन. ते बचतगटाच्या बायका चालवत आणि त्यांची पुढारी होती कमलताई. तिने अर्धं आयुष्य ऊस तोडला होता. कॅन्टीन चाललं तर ती गावात राहणार, लेक शाळेत राहणार. नाही चाललं तर दसरा झाला की पुन्हा कोयता घेऊन कर्नाटकात. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तक्रारीच्या सुरात नाही. एस.टी.चं टायमिंग सांगावं, तसं.

कॅन्टीन चालत होतं. गिऱ्हाईक कोण, तर आजूबाजूच्या गावांतली ऊसतोड करणारी कुटुंबं. हंगाम संपवून परत आली की एखाद्या दुपारी येत. प्रवेश फुकट, हॉलला पंखे. आमचे सत्काराचे फोटो ती झपाझप पार करत आणि कॅन्टीनमध्ये मात्र बराच वेळ बसत. खुर्चीवर. समोर सनमायकाचं टेबल, त्यावर पाण्याचा स्टीलचा जग. पुरी-भाजी, इडली, चहा.

"भाकरी का ठेवत नाहीस?" मी एकदा विचारलं.

"भाकर खायाला इथं कोण येतंय, सर? भाकर काय, घरी हायच की."

कौसाबाई पहिल्यांदा आली ती दुपार माझ्या लक्षात आहे. तिच्या नवऱ्याचं नाव भगवान. दोघं जवळच्याच गावची, कमलताईच्या जुन्या टोळीतली. कौसाबाईने इडली मागवली. खाऊन झाल्यावर दोघांची ताटं एकात एक घालून ती उठली आणि मोरी शोधू लागली. कमलताईने ताटं हातातून काढून घेतली.

"बस गं गुमान. इथं ताट उचलायचं न्हाई."

"मंग काय करू?"

"काय न्हाई. बस."

कौसाबाई बसली. हात मांडीवर ठेवले, मग टेबलावर, मग पुन्हा मांडीवर. भगवान म्हणाला, "आता काय ऑर्डर सोडायची मालकीणबाईंना?" ती लाजली आणि म्हणाली, "च्या. साखर लई घाल म्हणावं. आपणच तोडल्याली हाय."

हेच ते सनमायका.

सल्लागारांचं म्हणणं पडलं की कॅन्टीन 'थीम'मध्ये बसत नाही. थीम म्हणजे सगळ्या इमारतीने मिळून एकच गोष्ट सांगायची. गोष्ट आता ऊसतोडीची ठरली होती, तर जेवणही ऊसतोडीचंच हवं. आराखडा तयारच होता. टेबलं-खुर्च्या काढायच्या. त्या जागी कोप्या. कोपी म्हणजे बांबू आणि उसाच्या वाळक्या पाचटाची झोपडी. तोडणीच्या हंगामात उसाच्या फडाजवळ उभारतात. आत ताठ उभं राहता येत नाही, वाकूनच शिरायचं. खाली पोतं, कडेला चूल. ताटात भाकरी, ठेचा, कांदा.

"शहरातला पाहुणा या अनुभवासाठी शोधत येईल," सल्लागार म्हणाले.

मी म्हटलं, "शहरातला पाहुणा अजून आलेला नाही. जो येतो, तो सहा-सहा महिने कोपीत काढून येतो."

"तर त्याला घरच्यासारखं वाटेल."

"ते त्याचं घर नाही, साहेब. घर सोडून गेल्यावर राहायची जागा आहे ती."

चेअरमनसाहेब माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही वस्तू सांभाळा. संस्कृतीचं आम्ही बघतो."

मी माझं मत लेखी दिलं. त्यावर पोच मिळाली. सहकारात पोच लगेच मिळते.

कोप्या महिन्याभरात उभ्या राहिल्या. पाचटावर आग न लागणारं औषध फवारलं होतं, त्यामुळे आत दवाखान्यासारखा वास यायचा. चूल मात्र खरी. कमलताईने आत वाकून बघितलं आणि बाहेर आली.

"सर, हे कावून केलं?"

"पाहुण्यांसाठी."

"आन् आपल्या माणसांसाठी?"

उत्तराची वाट न बघता बायकांना बोलावून ती चुलीसाठी तुराट्या मोडायला बसली.

उद्घाटनाला मांडव, स्पीकर आणि पाण्याचे दोन टँकर आले. एक टँकर नुसता धूळ बसावी म्हणून आवारात शिंपडला. तोडणीच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. टोळी नेणारा मुकादम माणसं मोजत नाही, हत्यारं मोजतो. पत्रिकेत छापलं होतं : 'एका कोयत्याचा सन्मान व प्रथम भोजन'. तो कोयता म्हणजे भगवान आणि कौसाबाई. कमलताईनेच त्यांचं नाव सुचवलं होतं. निदान पहिलं ताट तरी आपल्या माणसाला मिळेल, असा तिचा हिशोब.

कौसाबाई नवं लुगडं नेसून आली होती. हार झाला, नारळ झाला, शाल झाली. मग साहेब म्हणाले, "चला, आता जेवण."

भगवानने चपला काढल्या, वाकून आत शिरला आणि पोत्यावर बसला. त्याच्या शेजारी साहेब मांडी घालून बसले. पलीकडे सल्लागार. कौसाबाई शेवटी आत गेली. आत वाकून एक क्षण थांबली. पोत्यावर जागा नव्हती असं नाही, चांगली हातभर होती. पण ती सरळ चुलीकडे गेली, फुंकणी उचलली, जाळ सारखा केला आणि परातीतलं पीठ पुढे ओढलं. पहिली भाकरी तव्यावर पडली, तेव्हा शाल अजून तिच्या खांद्यावर होती.

कमलताई दाराशी ताटं घेऊन उभी होती. "कौसे, ऊठ. तू पाव्हणी हाइस आज."

कौसाबाई दचकली. हात पिठात. ती उठू लागली, तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, "बाई, बसा बसा! एकदम नॅचरल आहे."

"राहू द्या," साहेब म्हणाले. "हीच आपली संस्कृती."

टाळ्या झाल्या. भगवानने टाळ्या वाजवल्या नाहीत. तो खाली मान घालून ठेचा बोटाने इकडून तिकडे सरकवत होता. कौसाबाईने सगळ्यांना वाढलं. ती स्वतः जेवली की नाही, हे त्या गडबडीत कुणी बघितलं नाही. मी बघितलं. नाही जेवली.

फोटो पेपरात आला. पहिल्या काही रविवारी गाड्या आल्या. लोक वाकून आत शिरायचे, फोटो काढायचे, 'काय साधं जीवन' म्हणायचे आणि गुडघे दुखतात म्हणून लवकर उठायचे. पुढे ऊन वाढलं, टँकर कमी झाले, गाड्याही कमी झाल्या. जवळपासच्या गावांतलं कुणी आलं नाही. एकदा भगवान चौसाळ्याच्या बाजारात भेटला. मी म्हटलं, "येत नाही हल्ली?"

"कोपीत बसायला पैसे देऊ व्हय, सर? फडावर तर आमाला पैसे देऊन बसवत्यात." तो हसला. मग म्हणाला, "कौसी म्हनती, ती टेबलं परत आली तर सांगा."

टेबलं परत आली नाहीत. कॅन्टीनचा करार पुढे वाढला नाही. कारण दिलं : 'ग्राहकांचा अल्प प्रतिसाद'. दसऱ्यानंतर कमलताई किल्ली द्यायला आली. सोबत लेक होती, दप्तर नव्हतं.

"चहा घे," मी म्हटलं.

"कुठं बसून?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघं पायरीवर बसलो.

दुसऱ्या दिवशी कमलताईचा ट्रक कर्नाटकाकडे गेला. त्यातच भगवान-कौसाबाई. कोप्या फडावर पोचल्यावर बांधायच्या होत्या.

रिकाम्या कॅन्टीनचं काय करायचं, हा प्रश्न साहेबांनी माझ्यावर सोपवला. भोवती दोरी बांधून त्या कोप्या संग्रहात घ्यायच्या ठरल्या. लेबल मी लिहिलं. नियमाप्रमाणे चार ओळी, शेवटची सूचनेची : 'कृपया आत बसू नये.' माझ्या नोकरीतलं सगळ्यात तंतोतंत पाळलं गेलेलं लेबल ते हेच.

सनमायकाची टेबलं गोदामात पडली होती. त्यातलं एक, दोन खुर्च्या आणि स्टीलचा जग मांडायची परवानगी मी मागितली. ऊसतोडीच्या माणसांनी आपण होऊन पसंत केलेली, जिल्ह्यातली तेवढीच वस्तू माझ्याजवळ होती.

साहेबांनी चष्मा पुसला. "टेबलात काय आहे बघण्यासारखं?"

खरं आहे. बघण्यासारखं काहीच नव्हतं. ते बसण्यासारखं होतं. आमच्या धंद्यात वस्तू वापरातून गेल्याशिवाय ती संग्रहात घेत नाहीत. ती वापरातून घालवायचं कामही आपणच करू नये, एवढं मी त्या नोकरीत शिकलो.